काम आवडतं, तरी जीव का दमतो?

"सर, पूर्वीसारखं मन लागत नाही. मी या कामाची उरले नाही का?" सामाजिक क्षेत्रातली माणसं माझ्याकडे येतात ती बहुधा हीच चिंता घेऊन. दापोलीकडची एक कार्यकर्तीही (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तेच विचारत होती. एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेली, खाडीकाठच्या गावांत घरगुती हिंसाचाराच्या केसेस बघणारी. शिवाय मुलं मुंबईला असलेल्या म्हाताऱ्यांची कागदपत्रंही तिच्याच गळ्यात.

मी विचारलं, कामात वेळेचं भान शेवटचं कधी हरपलं? ती लगेच बोलू लागली. एका आजींचं श्रावणबाळ योजनेचं, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनचं प्रकरण. अंगठा मशीनवर उमटेना, बँकवाला ऐकेना. काम फत्ते झालं तेव्हा जेवायचं राहिलंय हे तिच्या लक्षात आलं. सांगताना ती हसत होती.

कामात मन गुंतणं म्हणजे काय, हे शाउफेली आणि बाकर या अभ्यासकांनी तीन गोष्टींत मांडलं आहे: उमेद, समर्पण आणि तल्लीनता. हिचं समर्पण शाबूत, तल्लीनताही. आटली होती ती उमेद. कामात गुंतलेली माणसं सहसा जास्त समाधानी असतात हे खरं, पण ती गुंतवणूक नुसत्या तळमळीवर टिकत नाही. तिला सहकाऱ्यांचा आधार, वरिष्ठांचं मार्गदर्शन, स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक लागते. हिचे वरिष्ठ फोन करायचे ते फक्त आकडे मागायला. अवघड केसबद्दल बोलायला कोणी नाही आणि रात्री जेवताना ताटाशेजारी मोबाइल, कारण उचलला नाही तर अपराधी वाटतं. ही तल्लीनता नव्हे. आवडीने थांबणं वेगळं आणि थांबता न येणं वेगळं. संस्था या दुसऱ्याचंच 'झोकून देऊन काम करते' म्हणून कौतुक करतात, याचा मला राग येतो.

रात्री फोन बंद ठेव, असं मी सुचवलं. "पण रात्री एखादीला मार बसला तर?" तिची भीती खोटी नव्हती. म्हणून फोन बंद करण्याआधी प्रत्येक बाईकडे १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर पोचवायचे, वापरायचे कसे ते समजावायचं, असं ठरलं. शेजारच्या तालुक्यातल्या मैत्रिणीबरोबर, नावं न घेता, महिन्यातून एकदा केसेसवर बोलायचं. अहवाल कमी करा, अशी लेखी मागणी संस्थेकडे करायची.

मैत्रिणीबरोबरच्या बैठकीला संस्थेने कामाच्या वेळेत परवानगी दिली. अहवाल मात्र तेवढेच राहिले. उमेद थोडी परतली आहे. पावसाळ्यात एसटी वेळेवर नसते तेव्हा पुन्हा खचते, असं ती सांगते.

तुमचीही अशीच तक्रार असेल तर राजीनामा लिहिण्याआधी उमेद, समर्पण, तल्लीनता या तिन्हींपैकी नेमकं काय आटलंय ते बघा. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येतं.