आउटबोर्डचं (बोटीच्या मागं लावायच्या इंजिनाचं) टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ : तुमचे प्रश्न

प्रश्न (गंगापूर रोड) : जुनं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आहे. मालवणात झकास पळायचं, गंगापूर धरणात उठतच नाही. टायमिंग थोडं अ‍ॅडव्हान्स करू का, म्हणजे ठिणगी जरा आधी पाडू का?

नका करू राव. नाशिक समुद्रापासून साधारण 600 मीटर उंच, हवा पातळ, म्हणजे 6-7 टक्के ताकद तिथंच गेली, त्यात इंजिनाचा काय दोष. एक इंच कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा जेवढा पुढं सरकतो ते अंतर) पंखा लावून बघा, फुल थ्रॉटलला साधारण 150-200 आरपीएम वाढतो. नको तेवढं अ‍ॅडव्हान्स केलं तर नॉकिंग होतं (इंधन आपोआप भडकून ठोके पडतात), आणि गाडीत ते ऐकू तरी येतं, बोटीत त्या आवाजात काही कळत नाही, कळतं ते पिस्टनला भोक पडल्यावरच.

प्रश्न (इगतपुरी) : दारणा धरणात पंखा दगडावर आपटला. तेव्हापासून दोरी ओढली की हाताला उलटा झटका बसतो. टायमिंग सरकलं का?

सरकलंच असणार, पण स्क्रू पिळून नीट होणारं नाही हे. फ्लायव्हील (वरचं जड चाक) आणि क्रँकच्या मधली चावी अर्धी कापली गेली असेल, चाक दोन-चार डिग्री जरी फिरलं तरी ठिणगी चुकीच्या वेळी पडते. चाक पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावूनच काढा, हातोडा नको, मॅग्नेट तुटतात. नवी चावी टाकताना टेपर (क्रँकचं निमुळतं टोक) पुसून एकदम कोरडा ठेवा. मी एकदा गंज नको म्हणून ग्रीस चोपडलं होतं, तिसऱ्या फेरीला चावी परत कापली, शहाणपण नडलं. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.

प्रश्न (सातपूर) : टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून फ्लायव्हीलवरची खूण दाखवणारा दिवा) घेतला, पिंपात इंजिन चालू करून बघितलं, खूण बरोबर दिसते. झालं ना काम?

अर्धंच झालं. आयडलवर बरोबर म्हणजे फुलवर बरोबर असं नसतं, थ्रॉटल ओढला की लिंकेज टायमर बेस (ठिणगीची वेळ ठरवणारी प्लेट) फिरवतं आणि शेवटी तो एका स्टॉपर स्क्रूला टेकतो, खरं सेटिंग तिथलं. आधी ज्याच्यासमोर खूण बघता तो काटाच खोटा नाही ना ते बघा. प्लगच्या भोकात डायल गेज (पिस्टन किती सरकला ते मोजणारं) लावा, पण पिस्टन वर पोचल्यावर क्षणभर रेंगाळतो त्यामुळे नेमका टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) हाती लागत नाही, म्हणून वर येताना आणि खाली जाताना गेजचं एकच रीडिंग जिथं येतं तिथं फ्लायव्हीलवर दोन खुणा करा, त्यांचा मध्य तो टीडीसी. पिंपात फुल थ्रॉटल नाही द्यायचा, तसंच पंखा काढून तर अजिबात नाही. मॅन्युअलमध्ये क्रँकिंगचा (नुसतं स्टार्टरने फिरवतानाचा) आकडा वेगळा दिला असेल तर प्लग काढून, वायरी अर्थ करून, स्टार्टरवर बघता येतं. टायमिंग हललं की कार्ब्युरेटरचं बटरफ्लाय कधी उघडायला लागतं तेही परत जुळवा, हे बरेच मेकॅनिक विसरतात. आणि कव्हर काढल्यावर ते चाक उघडं फिरत असतं, गळ्यातला गमछा आधी काढून ठेवा.

प्रश्न (सिन्नर) : नवीन फोर-स्ट्रोक, ईएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन) आहे. टायमिंग कुठून फिरवायचं?

कुठूनच नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बघतो ते. तुम्ही ऑइल बदला.