बसच्या हिशेबाचं ‘परिशोधन’?

निपाणीच्या एका वाचकानं विचारलंय: कन्नडवरून केलेल्या एका मराठी भाषांतरात ‘सारिगे संस्थेच्या लेख्यांचे स्वायत्त परिशोधन’ असं वाचलं. हे मराठी आहे का? आणि बसवर होणारा सरकारचा खर्च बाहेरच्या कुणीतरी तपासायचा, याला आपण काय म्हणायचं? हिशेबतपासणी, लेखापरीक्षा की लेखापरीक्षण?

आधी त्या वाक्याचं बघू. त्यात चार ठिकाणी पाय घसरलाय आणि बहुतेक ठिकाणी कारण एकच. कन्नड आणि मराठी दोघींनी संस्कृतचं एकच दुकान लुटलं, पण घरी नेऊन माल वेगवेगळ्या फडताळात ठेवला. कन्नडात ‘लेक्क परिशोधने’ म्हणजे ऑडिट. मराठीत परिशोधन म्हटलं की काहीतरी गाळून, धुऊन शुद्ध करणं डोळ्यापुढं येतं. हिशेब शुद्ध करून देणारा माणूस वेगळा असतो, आणि त्याच्यापासून सावध राहावं! त्या वाक्यात नसलं तरी ‘परिशीलने’चंही तसंच. कन्नडात ती कागदपत्रांची छाननी. मराठीत परिशीलन ज्ञानेश्वरीचं करतात, रेशनकार्डाचं नाही. ‘संस्थे’ म्हणजे इथं महामंडळ. मराठीत ‘परिवहन संस्था’ म्हटलं की चार हौशी लोकांनी काढलेली नोंदणीकृत संस्था वाटते. ‘सारिगे’ म्हणजे वाहतूक, हे आपल्याला बसच्या अंगावर वाचून पाठ झालंय, पण कोल्हापूरच्या माणसाला ते जरीकाठाच्या साडीचं काहीतरी वाटेल.

राहिला ‘स्वायत्त’. ही चूक भाषेपेक्षा मोठी आहे. हुबळीला मुख्यालय असलेलं वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ 1997 मध्ये राज्याच्या मूळ महामंडळातून वेगळं झालं. कायद्यानं स्थापन झालेलं, स्वतःचा कारभार स्वतः करणारं, म्हणून स्वायत्त म्हणायचंच तर त्याला म्हणा. त्याचे हिशेब तपासणारा मात्र स्वतंत्र हवा, म्हणजे त्या कारभाराशी लागाबांधा नसलेला. स्वायत्त हे आपल्या घरापुरतं असतं, स्वतंत्र हे दुसऱ्याच्या घराच्या संदर्भात. महामंडळ आपल्याच माणसांकडून जी तपासणी करून घेतं ती अंतर्गत, मग ती कितीही कडक असो.

बाहेरची तपासणी कोण करतं? 1950 च्या रस्ते परिवहन महामंडळ कायद्यानुसार हे काम कॅगकडं आहे. संविधानाच्या मराठी प्रतीत त्यांचं नाव ‘भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक’ (अनुच्छेद 148). बातम्यांत यांना सर्रास ‘महालेखापाल’ करतात. पाल म्हणजे सांभाळणारा. राज्याचे जमाखर्च मांडून ठेवणारे महालेखापाल कॅगच्याच खात्यातले अधिकारी असतात, पण पदं दोन आहेत. हिशेब मांडणारा आणि हिशेब तपासणारा यांत बायकासुद्धा भिशीत फरक करतात.

‘नियंत्रक’ या शब्दाची एक गंमत सांगतो. भारतात पैसे खजिन्यातून सोडायचे की नाही यावर कॅगचं नियंत्रण नाही. खर्च झाल्यावर तपासणं हे त्यांचं काम. मग नियंत्रक कसले? तर कंट्रोल शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ ‘उलट-यादी’, म्हणजे पहिल्या नोंदवहीशी ताडून बघायला ठेवलेली दुसरी वही. आपल्याकडं याला नेमका शब्द आहे, रुजुवात. दोन वह्या, दोन साक्षी, दोन आकडे समोरासमोर ठेवायचे आणि जुळतात का बघायचं.

ही रुजुवात खानापूरच्या बसमध्ये रोज होते. मागच्या महिन्यात मच्छेच्या पुढं चेकर चढला. गाडी खचाखच, निम्म्याहून जास्त बायका. शक्ती योजना 11 जून 2023 ला सुरू झाली तेव्हापासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये फुकट प्रवास आहे, पण तिकीट घ्यावंच लागतं, शून्य रुपयांचं. चेकरनं मागून पुढं डोकी मोजली, मग कंडक्टरच्या मशीनवरचा आकडा बघितला. एक कमी. एका म्हातारीनं तिकीट घेतलंच नव्हतं. “फुकटच हाय न्हवं, मग कागद कशाला?” कंडक्टर कपाळाला हात लावून बसला. शेवटी तिचं आधारकार्ड पिशवीच्या तळातून, तंबाखूच्या चंचीखालून निघालं, तिकीट फाटलं, आणि चेकर “लेक्क सरी ऐती” म्हणून उतरला. माझ्या शेजारची बाई मागे वळून म्हणाली, “लागला म्हणं हिशेब.”

म्हातारीचा प्रश्न मात्र बिनतोड होता. त्याचं उत्तर असं की तिला ते तिकीट शून्याचं असलं तरी महामंडळाला नाही. त्या तिकिटांच्या हिशेबानं सरकार महामंडळाला भरपाई देतं. म्हणजे बसमध्ये चेकरनं डोक्यांशी ताडून बघितलेला तिकिटांचा आकडाच पुढं सरकारी तिजोरीतून जाणाऱ्या पैशाचा पुरावा होतो, आणि लेखापरीक्षकाला तो कुणी ‘शुद्ध करून’ दिलेला नको, रुजुवात झालेला हवा.

आता मूळ प्रश्न. ‘हिशेबतपासनीस’ हा शब्द आपल्या पतसंस्थांच्या वार्षिक अहवालात अजून जिवंत आहे, आणि मला तो आवडतो. पावत्या, वह्या, बेरजा जुळवण्यापुरतं काम असेल तर हिशेबतपासणीच म्हणावं. पण कॅगचं काम बेरजेवर थांबत नाही. घेतलेल्या बस वापरल्या की आगारात उभ्या राहिल्या, डिझेलचा सरासरी खप का वाढला, तोटा कशानं झाला, हेही बघतात. त्याला हिशेबतपासणी म्हणणं अपुरं पडतं, म्हणून लेखापरीक्षण. ‘लेखापरीक्षा’ हिंदीची वाट. मराठीत परीक्षा म्हटलं की पेपर आणि निकाल आठवतो.

निकालावरून आठवलं. ‘कॅगनं ठपका ठेवला’ हा मथळा मला खुपतो. लेखापरीक्षक आधी आक्षेप घेतो, खात्याचं उत्तर मागवतो, समाधान झालं नाही तर तो मुद्दा अहवालात जातो. अहवाल राज्यपालांकडून विधिमंडळापुढं येतो. अधिवेशन सुवर्ण विधानसौधात भरलं असेल तर आपल्या बेळगावातच. पुढं आमदारांच्या समित्या खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारतात. ठपका ठेवायचा की नाही ते तिथं ठरायचं. तोवर तो आक्षेपच.

आणि ‘स्वतंत्र’ ही कल्पना काही साहेबानं आणलेली नव्हे. पेशवाईत मामलेदाराच्या हाताखाली फडणीस, मुजुमदार असे दरखदार, म्हणजे हिशेब-दप्तर सांभाळणारे अधिकारी, असत. हाताखाली म्हणायचं, पण मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. त्याच्या कारभारावर त्यांचा डोळा असावा हाच हेतू. दरखदार हा शब्द परत आणा असं मी म्हणणार नाही, कोण समजणार आहे? पण ऑडिटचा मूळ अर्थ ‘ऐकणे’, हे कळलं तेव्हा मला आमच्या गावची लक्ष्मी यात्रा आठवली. यात्रा उलगडल्यावर देवळाच्या कट्ट्यावर पंच जमाखर्च मोठ्यानं वाचतात. “मांडव, साडेचार हजार” म्हटलं की मागून कुणीतरी विचारतं, “गेल्या बारीला कितीला होता?”

तर वाचकाच्या वाक्याचं मी असं करीन: ‘परिवहन महामंडळाच्या हिशेबांचे स्वतंत्र लेखापरीक्षण’. यातली ‘री’ दीर्घ, कारण परि अधिक ईक्षण. ‘लेखापरिक्षण’ अशी पाटी मी सरकारी कचेऱ्यांवर इतक्यांदा वाचलीय की आता माझाच हात कधीकधी चुकतो. ‘परिशोधन’मधली रि मात्र ऱ्हस्व, आणि तेवढी त्या भाषांतरकारानं बरोबर लिहिली होती.