कंपोझिशन युनिव्हर्सिटीत शिकून येतं का? मला पेटी येते, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) येत नाही

येतं. पाया तर नक्कीच येतो. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी "की चाल उपजतच सुचावी लागते?" असं विचारलंय, आणि त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले.

मी गोव्यातल्या म्हार्दोळकडची. मामा भजनीबुवा. सप्ताहात ते उभे राहिले की गर्दी हलत नाही. मी पदवीला पाश्चात्य संगीत घेतलं, त्यात रचनेचा विषय निवडला, तेव्हा ते म्हणाले, "चाल देवानं द्यावी लागते गो. कागदावर मांडून कोणाला सुचलीय?"

पहिल्या वर्षी कागदावरच मांडायचं असतं, हे खरं. सर लांब लांब सुरांची एक ओळ देतात, तिच्यावर आपण दुसरी लिहायची, सुरासमोर सूर. व्हिएन्नाचे संगीतकार फुक्स यांनी १७२५ मध्ये मांडलेली ही पद्धत. दोन ओळींत सलग दोनदा पंचमाचं (सा-प एवढं) अंतर नको, सलग दोनदा सप्तकाचं नको, एक ओळ चढली तर दुसरी शक्यतो उतरू द्यायची.

सुट्टीत घरी आले आणि मामांना सोप्यावर बसवलं. "मामा, तुम्ही सा लावा, मग रे." मी वर प लावला, मग ध. दोन्ही आवाज असे चिकटले की एकच माणूस जाड आवाजात गातोय असं वाटलं. पुन्हा त्यांचं तेच सा-रे, पण या वेळी मी प वरून म वर उतरले. आता दोन माणसं वेगवेगळी ऐकू आली. नियम एवढ्यासाठीच आहे, पंचम वाईट म्हणून नव्हे. मामा म्हणाले, "परत म्हण." मग आणखी एकदा. शेवटी म्हणाले, "मांडोत असंच काहीतरी असतं." मांडो म्हणजे गोव्यातलं कोकणी गाणं.

दोन आवाज बरोबर चालवणं मांडोत असतंच, तिथे ते बहुतेक तिसऱ्या सुराचं अंतर राखून चालतात. गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या कित्येक मुलांच्या कानात हे चर्चच्या क्वायरमधून लहानपणीच बसलेलं असतं. आपली पेटी मात्र गायकाच्या मागोमाग तीच चाल वाजवते, त्यामुळे दुसरी ओळ ऐकायची सवय लागत नाही. तुमचं अडेल ते इथे. नोटेशनची भीती सोडा, रोज बसलात तर काही महिन्यांत वाचता येईल.

मामा मात्र हटले नाहीत. "हे झालं सुरांचं. चाल कुठाय?"

चाल यातूनच येते, माझं मत आजही तेच आहे. चार सुरांचा तुकडा घ्यायचा, उलटा करायचा, लांबवायचा, दुसऱ्या सुरावरून म्हणून बघायचा, हे वर्षभर करून घेतात. ख्यालातली बढत, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने फुलवणं, तरी वेगळं काय करते? देणगी म्हणणारे मामा स्वतः तरुणपणी गुरूसमोर एकेक मुखडा घोटत बसले होते. मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकीबुवांनी जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ अशा गुरूंकडे विद्या घेतली, आणि 'मत्स्यगंधा' या संगीत नाटकाच्या चाली त्यानंतरच्या, १९६४ च्या. गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी गोव्याच्या, दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीतल्या. यांच्यात देणगी नव्हती असं कोण म्हणेल? तरीही शिकल्याच ना!

आता अडचणीचं. हा अभ्यासक्रम युरोपच्या संगीतावर उभा आहे, रागाचं चलन त्यात नाही. मारवा रागाखाली शिकलेले कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) सरसकट घालाल तर मारवा उरणार नाही. फक्त अभंगांना चाली लावायच्या असतील तर पदवीची तीन-चार वर्षं घालवू नका, चांगले बुवा गाठा. शिवाय प्रवेशाआधी अभ्यासक्रम मागवून वाचा, कारण काही ठिकाणी नाव रचनेचं असतं आणि शिकवतात नुसती थिअरी. दर आठवड्याला स्वतः लिहिलेलं वाजवून घेतात का, हे विचाराच.

आणि घरचं कोणी देवाची देणगी म्हणालं, तर त्यांना भैरवी कोणी शिकवली तेही विचारा. माझ्या मामांनी अजून सांगितलेलं नाही.