सेल्फ मारतो, इंजिन फिरतं, पण गाडी उचलत नाही

प्रश्न : नमस्कार भाऊ, माझ्याकडं २००४ ची पेट्रोल गाडी आहे, एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, इंजेक्टरवाली), सेकंडहँड घेतलेली. सकाळी एका सेल्फमधे चालू होते, काही त्रास नाही. पण दुपारी जळगावला गेलो आणि बाजारात अर्धा तास उन्हात उभी केली की मग नुसता सेल्फ मारून राहिलो, इंजिन गरगर फिरतं पण पकडत नाही. ऊन उतरलं की काहीच न करता चालू. बॅटरी नवीन टाकली, प्लग बदलले, स्कॅनर लावला तर कोड काही आला नाही. आता एक मिस्त्री म्हणतो पेट्रोल पंप गेला, दुसरा म्हणतो ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला. लोक धक्का मारून देतात तरी होत नाही. आता काय बदलू?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, आत्ता काहीच बदलू नका. पंप नको, ईसीएम तर अजिबात नको. तुमचे पैसे गेले ते वाईट पार्टमुळे गेले नाहीत, न तपासता पार्ट टाकले म्हणून गेले, आणि आपल्याकडं जुन्या गाडीचं हेच होतं, मिस्त्री बदलला की अंदाज बदलतो आणि बिल वाढत जातं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी, सेल्फ मोटर आणि जाड वायरी बहुतेक बऱ्या आहेत. बॅटरी नीट असेल तर गाडी बंद असताना मीटरवर साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसतात आणि सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली जायला नको, खाली गेले तर सेल्फ फिरतो पण ईसीएम नीट जागा राहत नाही, मग अर्थची वायर (बॅटरीतून बॉडीला जाते ती) आणि टर्मिनल घासून बघायचं. ते ठीक असेल तर धक्क्याचा उपयोगच नाही, कारण धक्क्यानं जे होतं ते काम सेल्फ आधीच करतोय. उन्हात चार माणसांना उगाच पळवू नका.

इंजिन फिरतं पण पकडत नाही म्हणजे तीनपैकी काहीतरी कमी पडतंय. करंट (म्हणजे प्लगची ठिणगी), पेट्रोल, नाहीतर कॉम्प्रेशन-टायमिंग (सिलिंडरमधला दाब आणि वॉल्व्ह उघडायची वेळ). यातलं नेमकं काय कमी आहे ते कळल्याशिवाय दुकानात जायचं नाही. आणि तुमच्या केसमधे अजून एक अडचण आहे, ती अशी की गाडी गॅरेजमधे पोचेपर्यंत थंड होते आणि थंड झाली की चालू होते, मग मिस्त्रीला दिसणार काय? तो बिचारा चांगल्या चालणाऱ्या गाडीत बिघाड शोधतो आणि शेवटी अंदाजानं काहीतरी सांगतो. म्हणून तपासणी बिघाड चालू असतानाच व्हायला पाहिजे, भर दुपारी, जिथं गाडी अडली तिथंच. तेवढ्या वेळात तुम्ही स्वतः पुढच्या गोष्टी बघा, यातल्या बऱ्याचशा गोष्टींना एक पान्हासुद्धा लागत नाही.

रेडिओ, पंखा बंद करा, काचा वर घ्या, चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून, टाकीच्या बाजूनं दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा आवाज येतो का ऐका, हा पंपाचा आवाज. त्याच वेळी मीटरमधे इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का बघा. तो दिवाच लागत नसेल तर ईसीएमला सप्लाय मिळत नाही, म्हणजे फ्यूज, मेन रिले (वीज चालू-बंद करणारी छोटी डबी), अर्थ असं काहीतरी, आणि हे पन्नास-शंभर रुपयांचं काम ईसीएमच्या नावावर हजारोत जातं हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. गाडीला चावीची चिप असेल तर चावीचा किंवा कुलपाचा दिवा फडफडतोय का तेही बघा, बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर (चोरीविरुद्धचं इलेक्ट्रॉनिक कुलूप) चावी ओळखत नाही तेव्हा सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी दुसरी चावी लावून बघायची.

आवाज आला नाही तर पंपाला लगेच दोष देऊ नका. फ्यूज बॉक्समधे पंपाचा रिले असतो, बऱ्याच गाड्यांत त्याच नंबरचा दुसरा रिले हॉर्नला नाहीतर पंख्याला असतो, अदलाबदल करून बघा. त्यानंही नाही झालं तर पंपाच्या वायरीच्या जोडावर बॅटरीचा करंट पोचतो का ते टेस्ट लॅम्पनं बघायचं, करंट पोचतोय आणि तरी पंप गप्प आहे तेव्हाच पंप गेला म्हणायचं.

आवाज आला तरी प्रेशर आहेच असं नाही. एक सोपी युक्ती करा, चावी ऑन करा, तीन सेकंद थांबा, ऑफ करा, असं चार वेळा करून मग सेल्फ मारा. यानं जर लगेच चालू झाली तर पेट्रोल लाइनीतलं प्रेशर उभ्या गाडीत उतरून जातंय, पंपाचा वन-वे वॉल्व्ह किंवा गळणारा इंजेक्टर शोधायचा. पक्कं करायचं तर रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाइपावर) प्रेशर गेज लावतात, बऱ्याच गाड्यांत तीन बारच्या आसपास प्रेशर असतं, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधे मिळेल. आणि भाऊ, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला जातो तेव्हा टाकी रिझर्ववर ठेवून फिरू नका, टाकीतला पंप त्याच पेट्रोलनं थंड राहतो. सीएनजी नाहीतर गॅस किटवाल्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवा, टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून वर्षभर गॅसवर चालवायची आणि मग पंप जळाला म्हणायचं, असं फार होतं. किटची वायरिंग इंजेक्टरची लाइन कापून मधे जोडलेली असते, तिथला सुटलेला सांधा हेही उन्हात गाडी बंद पडायचं एक कारण आहे.

आता करंटकडं येऊ, कारण तुमचं लक्षण ऐकून माझा पहिला संशय तिथंच जातो. गरम झाली की बंद आणि थंड झाली की चालू, पंपाचा आवाज येत असेल तर असं बहुतेक क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर (काही मॉडेलला हा डेल्कोत, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधे, असतो) नाहीतर इग्निशन कॉइल करते. सेन्सरच्या आतली बारीक तार गरम होऊन प्रसरण पावते, सांधा सुटतो, सिग्नल जातो, ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही म्हणून तो ना करंट सोडतो ना पेट्रोल. थंड झालं की सांधा परत चिकटतो. कोड का आला नाही याचंही कारण यातच आहे, बऱ्याच जुन्या ईसीएमला सिग्नल नाही म्हणजे इंजिन थांबलेलं आहे असंच वाटतं, म्हणून कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं समजू नका.

हे कसं ओळखायचं? गाडीत आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना त्याच्याकडं बघा, काटा जरासुद्धा हलत नसेल तर संशय पक्का होत जातो. काटा नसेल तर स्कॅनरवर कोड न बघता लाइव्ह डेटा बघायला सांगा, सेल्फ मारताना आरपीएम शून्य दाखवतो की दोनशेच्या आसपास, एवढं एकच बघायचं. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर तुमच्या गाडीला बहुतेक लागणार नाही, आपल्याकडं ओबीडी (गाडीची स्वतःची बिघाड सांगणारी यंत्रणा) बीएस-४ या धुराच्या नियमांबरोबर २०१० नंतर सक्तीचं झालं, त्यामुळं २००४ च्या गाडीला त्या कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेजच शोधा. आणि सेन्सर कुठं बसवलाय ते मिस्त्रीला आधीच विचारून ठेवा, गाडी अडली की त्या सेन्सरवर ओलं फडकं ठेवायचं, पाच-दहा मिनिटांत गाडी चालू झाली तर बिघाड सापडल्यातच जमा. फडकं पंख्याजवळ, बेल्टजवळ, सायलेन्सरच्या गरम पाइपावर जाऊ द्यायचं नाही आणि कॉइलवर ओलं काही टाकायचं नाही.

करंट बघायचा तर स्पार्क टेस्टर घ्या, स्वस्तात मिळतो. प्लगची वायर हातात धरून किंवा बॉडीजवळ धरून ठिणगी बघायची सवय सोडा, झटका तर बसतोच पण उघड्या ठिणगीजवळ पेट्रोलची वाफ असेल तर भडका होतो, शिवाय मोकळी ठिणगी कॉइल आणि ईसीएम दोन्ही खराब करू शकते. प्लग काढून बघितला तर तोही बरंच सांगतो, खूप सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, आणि पेट्रोलनं ओला, वास येणारा असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाही. ओला असेल तर एक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत असं केलं की ईसीएम पेट्रोल बंद करतो आणि आतलं साचलेलं बाहेर जातं.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे मिनिटभर थांबा. सेल्फ मोटर तापते ते एक, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जातं ते दुसरं, गाडी मग चालू झाली की तो भाग लालबुंद होऊन आतून वितळू शकतो.

कॉम्प्रेशनचा संशय तुमच्या केसमधे कमी आहे, टायमिंग बेल्ट तुटला असता तर संध्याकाळी आपोआप चालू झाली नसती. पण बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, सेल्फचा आवाज अचानक हलका, नेहमीपेक्षा जास्त वेगानं सुळसुळ फिरल्यासारखा येत असेल तर तिथंच थांबा, परत सेल्फ मारू नका, धक्का तर मारूच नका, काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन वॉल्व्हला धडकतो आणि हेडचं काम निघतं.

प्रश्न : दादा, बाबांची जुनी मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. मागच्या दिवाळीपासून केळीच्या शेतावर शेडमधे उभी आहे. नवीन बॅटरी लावली, सेल्फ मस्त फिरतो पण चालू होत नाही. गाडी विकायची नाही, बाबांची आठवण आहे.
– एक वाचक, रावेर

उत्तर : ताई असा की दादा ते कळलं नाही, पण गाडी विकू नका, या गाडीत न सुटणारं असं फारच थोडं आहे आणि पार्ट अजून मिळतात.

बॅटरीची वायर काढा आणि सगळ्यात आधी बोनेट उघडून उंदीर बघा. शेतावरच्या शेडमधे, जवळ कापूस, कडबा, केळीची वाळलेली पानं असली की उंदीर इंजिनावर घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. घरटं काढल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, गरम पाइपाजवळचा पालापाचोळा पेट घेतो. एअर फिल्टरचा डबाही उघडून बघा.

मग पेट्रोल. इतके महिने उभं राहिलेलं पेट्रोल वापरू नका, काढून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं आणि गाडीचा पंप नेमकं खालचंच उचलतो. जुन्या रबरी पाइपा याच्यानं मऊ पडतात नाहीतर तडकतात, म्हणून सगळ्या पाइपा आणि फिल्टर नवीनच टाका, इथं काटकसर करू नका, गळती म्हणजे आगीला आमंत्रण. टाकी धुतल्यावर थोडंच ताजं पेट्रोल भरा.

एअर फिल्टर काढून, सेल्फ न मारता, एक्सिलेटरची केबल हातानं ओढा आणि वरून कार्बोरेटरमधे बघा, पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. धार नाही तर एसी पंपाचा (इंजिनावरचा पेट्रोल पंप) डायफ्राम वाळला असेल नाहीतर वाटीत पेट्रोल सोडणारी नीडल चिकटली असेल, जेटमधे (पेट्रोलच्या बारीक भोकात) डिंकासारखा थर बसतो तोही साफ करून घ्या. कोणी सेल्फ मारत असताना वाकून आत बघायचं नाही, बॅकफायर तोंडावर येतो. बाटलीनं पेट्रोल ओतून चालू करायचा प्रकार तर कोणीही करू नये, त्यात माणसं भाजतात.

धार चांगली असेल तर डेल्कोचं झाकण उघडा. आत ओल, हिरवट गंज, तडा, झाकणावर काळी रेघ असं काही दिसलं तर झाकण आणि रोटर बदला, पॉइंटवाला (आत उघडझाप करणारे धातूचे संपर्क असलेला) डेल्को असेल तर पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासून गॅप लावून घ्या. पॉइंटवर महिनोन्‌महिने बसलेला गंज हे अशा गाडीत करंट न येण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

चालू झाली की लगेच रस्त्यावर काढू नका, ब्रेकसुद्धा धरून बसलेले असतात, ते आधी बघून घ्या.

प्रश्न : भो, डिझेल जीप आहे, जुनी, कॉमन रेल (कॉम्प्युटरवाली डिझेल सिस्टिम) नाही. काल शहाद्याला डिझेल फिल्टर बदलला, तवापासून चालूच व्हत नाही. सेल्फ चांगला.
– एक वाचक, शहादा

उत्तर : डिझेलच्या लाइनीनं हवा घेतली भाऊ. सेल्फ मारताना सायलेन्सरकडं एक माणूस उभा करा, पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, मग हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) बघायचे. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हातपंप दाबत राहा, बुडबुडे संपून अखंड डिझेल आलं की दाबतानाच स्क्रू आवळा. फिल्टरची रबरी सील दुहेरी तर बसली नाही ना बघा, जुनी सील चिकटून राहते आणि तिच्यावर नवीन बसवतात, मग कितीही हवा काढली तरी परत घेते. चावी ऑन केल्यावर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल सोडणारा-अडवणारा विजेचा वॉल्व्ह) टक्क असा आवाज येतो का तेही ऐका, नाही आला तर फ्यूज आणि त्याची वायर बघा, फिल्टरचं काम करताना ती बऱ्याचदा निघते. इंजेक्टरचे नट सैल करायची वेळ आली तर ते मिस्त्रीकडूनच करून घ्या, त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत घुसतं. आणि इनटेकमधे (हवा आत घेणाऱ्या पाइपात) गाडी चालू करायचा स्प्रे मारू नका, हीटर प्लग तापलेले असले तर स्फोट होतो.