बंधित, अबंधित आणि अबंध

प्रश्न असा आला आहे: ग्रामपंचायतीच्या फलकावर 'बंधित निधी' आणि 'अबंधित निधी' असे दोन आकडे लिहिलेले असतात. संस्कृतात 'बद्ध' हे रूप असताना 'बंधित' चालतं का? आणि पेसा गावांत (पेसा म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) 'अबंध निधी' म्हणतात, तो हाच का?

आधी व्याकरण, कारण ते लवकर आटपतं. 'बंधित' चालतं. 'बंध्' धातूपासून 'बद्ध' होतं हे खरं, पण 'बंध' या नामाला 'इत' लागून 'बंधित'ही होतं. फळाचं फलित, पुष्पाचं पुष्पित होतं तसं. 'संबद्ध' असूनही आपण 'संबंधित अधिकारी' म्हणतोच. शिवाय मराठीत 'बद्ध' बहुधा शेपटीला येतो: करारबद्ध, सूत्रबद्ध. 'बद्ध निधी' कानाला खटकला असता. मला विचाराल तर 'बांधील निधी' सर्वांत सोपा होता, पण शासननिर्णयात एकदा शब्द बसला की तो हलत नाही.

आता अर्थ. केंद्राच्या पैशाची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानाचे दोन भाग केले: ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधितपैकी निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे गावाला दहा लाख आले तर तीन लाख पाण्याला, तीन लाख गटार-कचरा-शौचालयाला, आणि चार लाख गावाच्या गरजेप्रमाणे. ग्रामसभेत कुणी स्मशानभूमीच्या रस्त्याचा विषय काढला की भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, म्हणतात, "अबंधितमध्ये शिल्लक नाही, आणि बंधितचा पैसा तिकडे वळवता येत नाही." त्यात टाळाटाळ असेलच असं नाही, नियमच तसा आहे.

'अबंधित'ही पूर्ण मोकळा नाही. त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही, आणि काम गावाच्या विकास आराखड्यात असावं लागतं. ऐकणारे पुष्कळदा 'अबाधित' समजतात, ते वेगळं. अबाधित म्हणजे बाधा न आलेला.

चौदाव्या आयोगाच्या वेळी, २०१५ ते २०२० मध्ये, अशी वाटणी नव्हती. पैसा थेट ग्रामपंचायतीकडे येई आणि मूलभूत सेवांपैकी कशावर घालायचा हे 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात गावाने ठरवायचं होतं. पंधराव्याने पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही वाटा दिला (महाराष्ट्रात प्रत्येकी १० टक्के) आणि गावाच्या ८० टक्क्यांनाही दावं बांधलं. ते अगदीच वाईट झालं असं मला वाटत नाही. पेव्हर ब्लॉक डोळ्यांत भरतात, टाकीची सफाई भरत नाही. मोकळा पैसा आला की आधी कुठे जातो हे कुठल्याही गावाला ठाऊक असतं. पण ज्या गावात नळाला पाणी आहे आणि आरोग्य उपकेंद्राला छत नाही, त्याला तोच नियम जाचतो. नियोजन गावाचं म्हणायचं आणि साठ टक्क्यांचं उत्तर आधीच लिहून पाठवायचं, हा त्यातला पेच.

'अबंध' हा शब्द वेगळ्या योजनेचा. अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे पेसाच्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो, त्याचं हे नाव. समास सरळ आहे: ज्याला बंध नाही तो अबंध. म्हणजे अर्थ 'अबंधित'चाच, पैसा मात्र राज्याच्या योजनेतला. वित्त आयोगाचा नव्हे. गंमत अशी की या अबंधलाही खर्चाच्या चार बाबी ठरवून दिल्या आहेत: पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, वन व जलसंधारण. तरीही निवडीला इथे जास्त वाव आहे, हे मान्य करायला हवं.

'अनिर्बंध निधी' का नको, असंही विचारलंय. अर्थ बरोबर, पण त्या शब्दाला मराठीत बेफामपणाचा वास येतो. लेखापरीक्षणाच्या दिवशी तो शब्द कुठल्याच सरपंचाला फलकावर नको असेल.