फोन आणि टॅबवर मोजकीच ॲप ठेवायची असतील, तर रोजच्या वापराची तुमची आवडती ॲप कोणती?

तुम्ही लिहिलंय की फोन 32 जीबीचा आहे, टॅब घरात नुसता पडून आहे आणि दोन्हीवर कमीत कमी ॲप हवीत. किती ठेवायची हा आकडा सोडा. माझी कसोटी एकच आहे. मी ॲपमध्ये घातलेली माहिती मला हवी तेव्हा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता आली पाहिजे. निघत नसेल तर ॲप कितीही देखणं असो, मी घेत नाही.

याला कारण आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून द्यायची पेढी आहे. शेतकऱ्यांना दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मी टॅबवर स्प्रेडशीटमध्ये लिहिते. नाव, गाव, तारीख, रक्कम, कुणाच्या हाती दिली, एवढेच रकाने. माझ्या धाकट्या दिरांना याचा कमीपणा वाटायचा. "वहिनी, जग कुठं चाललंय आणि तुम्ही रकाने आखत बसलाय," हे मी पाहुण्यांसमोरसुद्धा ऐकून घेतलंय. त्यांनी उधारी लिहायचं एक फुकट ॲप आणलं. शेतकऱ्याला त्यातून आपोआप मेसेज जायचा, म्हणून सगळे खूश. दुकानातल्या नोंदी यापुढे त्यातच करायच्या असं ठरलं. मी त्यात लिहायचे आणि माझी शीटही चालू ठेवायचे. डबल काम कशाला, म्हणून त्यावरूनही बोलणी खाल्ली.

ऐन हंगामात एका सकाळी त्या ॲपनं अपडेट मागितलं. अपडेट झालं आणि जुन्या नोंदींना कुलूप लागलं. बघायच्या असतील तर वर्षाची वर्गणी भरा. भाऊजी भरायलाही तयार होते, पण ओटीपी जात होता त्यांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. समोर वाळवा तालुक्यातले एक आजोबा बसलेले. हळद विकली गेलेली, पट्टी (विक्रीतून कापाकापी करून शेतकऱ्याला पैसे द्यायचा हिशोब) व्हायची होती आणि गाडीवाला बाहेरून हॉर्न मारत होता. हमाली-तोलाईचा हिशोब सोपा असतो, पण उचल किती वजा करायची हेच कुणाला सांगता येईना. आजोबा म्हणाले, "ताई, मी सांगतोय त्यो आकडा धरा की." भाऊजी म्हणाले, "अंदाजे कापू, मागनं बघू."

शेतकऱ्याच्या पट्टीत अंदाज! माझ्या सासऱ्यांनी पेढीवर हा शब्द कधी चालू दिला नाही. मी टॅब ओढला. काचेवर हळदीची धूळ एवढी बसली होती की बोट लागेना. पदरानं पुसली, आडनाव टाइप केलं, दोन ओळी समोर आल्या. दुसरी उचल त्यांच्या मुलानं नेली होती आणि ती आजोबांना माहीतच नव्हती. मुलाला फोन लावला, तो हो म्हणाला, पट्टी झाली. आजोबा दोन्ही रकमा वजा करून पैसे घेऊन गेले, एक शब्द कुरकुर नाही, कारण तारीख आणि नाव डोळ्यांसमोर होतं.

हरिपूरला पूर्वी हळद पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवायचे. पेव नुसतं खोल असून भागत नसे, आतली हळद धड वर यावी लागे. नोंदींचंही तसंच.

आता तुमच्या प्रश्नाचं. टॅबवर स्प्रेडशीटसाठी कोलाबोरा ऑफिस ठेवा, ते नेटशिवाय चालतं. वाचायला रीडएरा, त्यात खातं काढावं लागत नाही. गाणी-व्हिडिओला व्हीएलसी. टिपणांसाठी जॉपलिन, त्यातलं सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये निघतं. फोनवर व्हॉट्सॲप, कारण त्याच्याशिवाय इथं कुणाचं पान हलत नाही. नकाशाला ऑरगॅनिक मॅप्स, एकदा महाराष्ट्र उतरवून घेतला की रेंज नसली तरी रस्ता दाखवतं. गाडीची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये. पैशाचं ॲप एकच ठेवा, मी भीम वापरते. यूपीआय 2016 पासून चालू आहे आणि कुठल्याही दुकानाचा यूपीआय क्यूआर कुठल्याही यूपीआय ॲपनं स्कॅन होतो, वेगवेगळ्या बँकांची खातीही एकाच ॲपला जोडता येतात. तरी लोक तीन-तीन ॲप बाळगतात ते कॅशबॅकच्या आशेनं. त्यात जागाही जाते आणि कुठून किती गेले याचा पत्ताही लागत नाही.

बाकी ज्यांची वेबसाइट आहे, त्यांचं ॲप घेऊच नका. ब्राउझरच्या मेनूतून होम स्क्रीनवर शॉर्टकट टाकला की काम होतं.

एक राहिलं. टॅब पडला-फुटला तर माझी शीटही जाईल, म्हणून दर शनिवारी ओटीजीला (टॅबला पेनड्राइव्ह जोडायची छोटी वायर) पेनड्राइव्ह लावून कॉपी काढते. तुम्हीही काढा. आमचा कराचा हिशोब टॅलीत होतो, मी सांगतेय ती रोजची कच्ची नोंद. आणि पाच माणसं एकाच वेळी एका यादीत लिहिणार असतील तर क्लाउडवरचं काहीतरी लागतंच, ते मी नाकारत नाही. पण तेही घेण्याआधी सेटिंगमध्ये एक्स्पोर्ट शोधा, चार खोट्या नोंदी घाला आणि बाहेर काढून दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

भाऊजींचं अजूनही म्हणणं आहे की ॲप चांगलंच होतं, वेळ वाईट होती. त्यांनी त्या हंगामाच्या उचलीची यादी त्यातून काढून पेढीवर ठेवावी. मी त्याच दिवशी ते ॲप माझ्या फोनवर घेईन.