बीजदात्रीने उद्या मूल मागितलं तर?

डोनर एगचा, म्हणजे दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन मूल होऊ देण्याचा सल्ला मिळालेली जोडपी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. विचारते बहुधा बायको, नवरा खाली बघत असतो.

शुभदाताई (नाव बदललं आहे) ४१ वर्षांच्या. "मॅडम, ती बाई उद्या दारात येऊन उभी राहिली तर?"

आधी कायदा सांगितला, कारण तो त्यांच्याच बाजूचा आहे. २०२१चा सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून देशात लागू आहे. त्यानुसार असं मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचंच जैविक अपत्य मानलं जातं. बीजदात्रीला पालक म्हणून कसलाही हक्क उरत नाही.

ताईंनी मान डोलावली. पुढच्या भेटीत पुन्हा तोच प्रश्न!

माहिती देऊनही भीती जात नसेल, तर तिचं मूळ मनातल्या एखाद्या हट्टात असतं, असं मी मानते. म्हणून विचारलं, "ती दारात उभी आहे. काय म्हणते?"

"काहीच नाही. नुसती बघते."

"मग मूल तिचं, असं कोण म्हणतंय?"

त्या बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मीच. जिला स्वतःचं बीज नाही, तिने आई म्हणवून घेऊच नये, असं वाटतं मला."

नवऱ्याने वर पाहिलं. "हे तू मला कधीच बोलली नाहीस."

तिथून खरं काम सुरू झालं. स्वतःच्या बीजाचं मूल होणार नाही, या दुःखाला सुतक नसतं, भेटायला कुणी येत नाही. ते न रडताच बायका संमतीपत्रावर सही करायला बसतात. ताई रडल्या, आणि मला हायसं वाटलं.

तुम्हीही याच वळणावर असाल, तर क्लिनिक नोंदणीकृत आहे ना, ते बघाच. यशाची शक्यता, खर्च, धोके समजावून सांगणं आणि समुपदेशन देणं हे क्लिनिकचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते हक्काने मागा. दात्री आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते. तिचा १२ महिन्यांचा विमा तुम्ही काढायचा असतो, तिथे खळखळ करू नका. सही झाली तरी गर्भ गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घेता येते. आणि "वय चाललंय" म्हणून धावू नका. दात्रीचं बीज वापरताना तुमच्या बीजाचं वय आड येत नाही, कायद्याने स्त्रीसाठी मर्यादाही ५० वर्षांची ठेवली आहे. एक-दोन महिने या दुःखाला देता येतात.

शुभदाताईंनी ते घेतले. क्लिनिकचा फोन आला तेव्हा नवऱ्यानेच सांगितलं, "आमचं ठरलं की कळवतो."